थोरल्यांची चूर्णाची डबी

१

थोरले सकाळी गेले आणि दुपारच्या आत त्यांच्यावर चुना पडलासुद्धा.

आमच्या कारंटीनात असंच चालतं. बंदरात शिरण्याआधी जहाजाला खाडीच्या तोंडाशी पिवळं निशाण लावून उभं करतात आणि उतारूंना आमच्या शेडमध्ये आणून ठेवतात. ठरलेली मुदत कुणाला काही न होता सरली की सगळे मोकळे. कुणी मेलं, की मुदत पुन्हा पहिल्यापासून. मेलेल्याला चुन्यात पुरायचं, त्याचं अंथरूण, कपडे, बूट जाळायचे. काच आणि धातू तेवढा औषधात बुडवून घरच्यांना परत द्यायचा.

मी इथली नर्स. लोक मला नर्सबाई म्हणतात आणि शक्यतो माझ्या हातचं काही खात नाहीत. त्यांचंही चुकत नाही म्हणा. आजाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडलं की दाराशी ठेवलेल्या घमेल्यात हात बुडवायचे, हा इथला पहिला नियम. घमेल्यात जांभळं औषध असतं, पण हातावर त्याचा डाग तपकिरी पडतो आणि तो कित्येक दिवस जात नाही. माझे हात पाहून वाटतं, ही बाई जन्मभर चिखल कालवत आली.

या जहाजावर एकालाही पटकी नव्हती. जहाज ज्या बंदरातून निघालं तिथे साथ होती, एवढाच त्याचा गुन्हा. सगळे पहिल्या रोग्याची वाट बघत बसले होते. कुणी शिंकलं तरी शेजारचा उठून पलीकडे जायचा. अशात आदल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर थोरल्यांना उलट्या सुरू झाल्या. मी त्यांना बाजूच्या खोलीत हलवलं. रात्रभर त्यांच्यापाशी मी आणि त्यांचा धाकटा भाऊ होतो. सकाळच्या लाँचने डॉक्टर आले तेव्हा थोरल्यांचं अंग गार पडलं होतं आणि डोळे खोल गेले होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, "पटकी" म्हणाले आणि जाऊन हात बुडवले. थोड्याच वेळात थोरले गेले.

इथवर मलाही काही वावगं वाटलं नाही. पुढे जे झालं ते मात्र माझ्या जिवाला लागलं.

धाकट्यांना एकच मुलगी. सहा-सात वर्षांची असेल, सगळे तिला ठकी म्हणायचे. काका गेले म्हणून ती रडून रडून ओकली. डॉक्टरांनी ते पाहिलं. ती रात्री काकांच्या ताटात जेवली होती हेही कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. झालं. ठकीला आजाऱ्यांच्या शेडमध्ये टाकायचा हुकूम निघाला.

आजाऱ्यांची शेड पार टोकाला. मध्ये चुन्यात बुडवलेला पांढरा दोर बांधलेला. त्या शेडमध्ये आधीच्या गलबतावरचे खरे रोगी होते, अगदी अस्सल पटकीचे. चांगलं पोर तिथे ठेवायचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं.

ठकीची आई डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवायला निघाली. "मला तिच्याबरोबर जाऊ द्या."

"धडधाकट माणसाला मी दोरापलीकडे सोडू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "बाई, हे नियम मी केलेले नाहीत."

धाकटे दोराला धरून उभे होते. त्यांची गोरी बोटं दोरावर आवळलेली मला अजून दिसतात. "डॉक्टर, तिला काही झालेलं नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तिला काकांपासून काही होणारच नाही. मी सांगतो ना."

कुणी लक्ष दिलं नाही. बाप आहे, बोलणारच. मात्र माझ्यामागून कुणीतरी हळूच विचारलं, "नर्सबाई, हा माणूस एवढं छातीठोकपणे कशाच्या जोरावर सांगतोय?"

२

विचारणारे फौजदार होते. तेही याच जहाजाचे उतारू. रजा घेऊन लेकीच्या बाळंतपणाला निघाले होते आणि आमच्याकडे अडकले. गुडघ्यांनी अधू, पण जिभेने नाही. आल्या दिवसापासून त्यांनी आमच्या चहाला, खाटांना आणि डासांना एकेक करून नावं ठेवली होती. आता नवी मुदत लागल्यावर बाळाचं तोंड ते चालायला लागल्यावरच दिसणार होतं, त्यामुळे भडकलेलेही होते.

मला त्यांनी पाण्याच्या टाकीआड बसवलं.

"थोरल्यांना पहिल्यांदा काय झालं? उलटी की जुलाब?"

"उलटी."

"त्याआधी?"

मी आठवलं. "घसा जळतोय म्हणाले. तोंडाला तांब्यासारखी चव आलीय म्हणाले. मग पोटात आग, मग उलट्या. बाकीचं पुष्कळ नंतर."

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. "तुम्ही पटकीचे किती रोगी पाहिलेत?"

"मोजायचं सोडून दिलंय."

"त्यातले किती जण उलटीच्या आधी घसा जळतो म्हणाले?"

एकही नाही. पटकीचा माणूस आधी खालून रिकामा होतो, घसा सुकतो तो मागाहून. हे मला ठाऊक होतं, तरी सगळ्यांबरोबर मीही पहिल्या रोग्याची वाट बघत होते. तो आला, आणि मी त्याला पटकीच समजले.

"सोमलाचं विष पोटात गेलं की आधी घसा जळतो," फौजदार म्हणाले. "अशी तीन प्रेतं माझ्या नोकरीत झालीत. एक नवरा, एक सासू आणि एक सावकार. लोक तेव्हाही पटकीच म्हणत होते."

आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण वरच्या साहेबांना वचकून असायचा.

"प्रेत चुन्यात गेलं. आता ते उकरायची मला परवानगी नाही," ते म्हणाले. "घसा जळाला एवढ्यावर मी साथ नाही असं लिहून देऊ? ठोस काही आणा. विष ठरलं तर मुलीला माझ्या हाताने बाहेर आणतो. पण दिवस मावळायच्या आत. सध्या तिला दाराशी वेगळं बसवलंय. रात्री फाटक लागलं की ती त्यांच्यातच निजणार, त्यांच्यातलंच पाणी पिणार. मग काका कशाने मेला याला काही अर्थ उरत नाही."

ठकीची आई दारात उभी होती. तिने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. धाकटेही तिच्यामागे होते.

ऊन कलायला लागलं होतं.

३

"विष कशातून गेलं असेल?" मी विचारलं. "जेवण तर सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं घेतलं. ठकी त्यांच्याच ताटात जेवली."

"त्यांनी एकट्यानेच घेतलं असं काही?"

तेव्हा मला डबी आठवली. थोरल्यांना पचनाचं चूर्ण लागायचं. जेवण झालं की कोटाच्या खिशातून चांदीची डबी काढायची, चिमूटभर जिभेवर टाकायची आणि वर घोटभर सरबत. दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी डबी मागितलीही होती. धाकटे म्हणाले, "दादा, आता चूर्ण नको, नर्सबाईंचं औषध घ्या." मला ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

"चांदीची," फौजदार म्हणाले. "म्हणजे जळायची नाही. घरच्यांना परत मिळायला हवी."

परत दिलेल्या वस्तू मीच औषधातून काढल्या होत्या. चष्मा, घड्याळ, अंगठी, कोटाची बटणं. डबी नव्हती.

आमच्या कंपाउंडरवर माझा पहिल्यापासून संशय होता. जाळायचे कपडे तोच भट्टीकडे नेतो आणि त्या दिवशी तो मला सारखा टाळत होता. फौजदारांनी त्याला गाठलं आणि काही न विचारता नुसतं त्याच्या पायांकडे पाहत राहिले. पायात थोरल्यांचे बूट होते.

"साहेब, नवेकोरे होते हो," कंपाउंडर रडकुंडीला आला. "औषधात बुडवून घेतलेत. जाळायला जीव होईना."

"आणि डबी?"

"कसली डबी? मी कोटाचे खिसे भट्टीपाशी उलटे केले होते. एक रुमाल निघाला. आईची शपथ."

बूट चोरल्याचं कबूल करणारा माणूस खिसे चाचपल्याचंही सांगतो, पण डबी नाही म्हणतो. मला ते खरं वाटलं. म्हणजे थोरले खोलीत तळमळत होते तेव्हाच कुणीतरी डबी खिशातून काढली होती.

राहिले मेहुणेबुवा, थोरल्यांच्या बायकोचे भाऊ. हे गृहस्थ सामानाच्या खोलीत पेट्यांच्या मागे लपून बसलेले सापडले. थोरले आजारी पडल्यापासून खोलीच्या उंबऱ्याजवळही फिरकले नव्हते, पण हात मात्र कोपरापर्यंत तपकिरी. दर घटकेला जाऊन घमेल्यात बुडवत होते. कानाच्या पाळ्यांनाही लावलं होतं.

"कानाला कशाला?" मी विचारलं.

"बाई, रोग कुठून शिरेल सांगता येतं का?"

फौजदारांनी हसू दाबलं. "थोरल्यांशी तुमचं कसं होतं?"

"माझं काय वाईट असायचंय? जहाजावर जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, घरी पोचलो की धान्याच्या पेढीच्या किल्ल्या मेहुण्याच्या हातात देणार. माझा तर देव गेला हो. आता किल्ल्या कोण देतो मला?"

"पेढी आजवर कोण सांभाळत होतं?"

"धाकटे. पोत्यांत, उंदरांत सगळं आयुष्य गेलं त्यांचं."

"ते काय म्हणाले तेव्हा?"

मेहुणेबुवांनी आठवून पाहिलं. "काहीच नाही. मान खाली घालून जेवत राहिले."

उंदीर म्हटल्यावर फौजदार माझ्याकडे वळले. धान्याच्या कोठारात उंदरांसाठी काय ठेवतात, ते त्यांनी मला विचारलं नाही. सोमल ठेवतात, हे मलाही ठाऊक होतं.

४

ठकीची आई दोरापाशीच बसली होती. पलीकडे, शेडच्या दाराशी, ठकी एका खोक्यावर पाय हलवत बसलेली. अधूनमधून हात करायची. आई हात करून उत्तर द्यायची आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची. तिचेही हात तपकिरी होते. थोरल्यांच्या ओकारीचे टॉवेल तिनेच धुतले होते.

फौजदार कण्हत खाली बसले. "वहिनी, एक विचारतो. ठकीच्या बाबांना रोगाची भीती वाटत नाही का?"

"वाटत नाही?" ती कडवट हसली. "बंदर सोडल्यापासून नुसता जाच आहे. तिचं पाणी स्वतः उकळतात. जहाजावर एका म्हातारीने तिला फळ दिलं तर हातातून काढून समुद्रात टाकलं. कठड्याला हात लावला म्हणून दोनदा चापट खाल्ली पोरीने."

"काल रात्री ती काकांपाशी होती ना?"

"होती. उलट्या सुरू झाल्या आणि नर्सबाई त्यांच्यासाठी खोली मोकळी करत होत्या तेव्हा. काकांचा फार लळा तिला. खाटेवर बसून त्यांच्या पायांवरून हात फिरवत होती. मीच म्हटलं, उठवा हो तिला. तर हे म्हणाले, बसू दे, एवढं काय."

"बरं."

"मग तिला तहान लागली. काकांचा सरबताचा पेला अर्धा उरला होता, तोच उचलून तिने—"

तिने मान वळवून ठकीकडे पाहिलं.

"तेव्हा ठकीचे बाबा कुठे होते?" फौजदारांनी अगदी हळू विचारलं.

"समोर. समोरच होते. बघत होते. काही बोलले नाहीत."

ती फौजदारांकडे वळली. "नीट सांगा मला. तुमच्या मनात काय आहे?"

५

फौजदारांनी धाकट्यांना दोरापाशीच बोलावलं. डॉक्टर होते, मी होते, ठकीची आई होती. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरत चाललं होतं.

"जरा हात दाखवा," फौजदार म्हणाले.

धाकट्यांनी काही न कळून हात पुढे केले. स्वच्छ, गोरे हात. नखांच्या कडेलासुद्धा डाग नव्हता. रात्रभर हा माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"इथे सगळ्यांचे हात तपकिरी आहेत," फौजदार म्हणाले. "मेहुणेबुवांचे तर कानसुद्धा. जो रोग्याच्या उशाशी बसला, ज्याने त्याला धरलं, त्याचं तोंड पुसलं, त्याने एकदाही घमेल्यात हात घातला नाही."

"दुःखात विसरलो," धाकटे म्हणाले. "माझा भाऊ मरत होता."

"असेल. माणूस विसरतो. एखादा शूरही असतो. पण तुम्ही शूर नाही. तुम्ही पोरीचं पाणी उकळता, कुणी दिलेलं फळ फेकून देता. आणि तीच पोर पटकीच्या रोग्याचा उष्टा पेला तोंडाला लावते तेव्हा गप्प बसता. हे कसं?"

धाकट्यांनी हात मागे घेतले.

"पटकी आहे असं वाटणारा बाप पेला हिसकावून घेईल. विष घातलंय अशी नुसती शंका असलेला बापही हिसकावेल. गप्प कोण बसेल? ज्याला ठाऊक आहे की रोग नाही, विष आहे, आणि ते सरबतात नाही, चूर्णात आहे. डबी खिशातून निघाली तेव्हा खोलीत तुम्ही आणि नर्सबाई. नर्सबाई औषध आणायला उठल्या असतील तेवढाच वेळ तुम्हाला पुरला. बाकीचं काम कारंटीनाने केलं. प्रेत चुन्यात, कपडे भट्टीत. इतकी चांगली सोय तुम्हाला शहरात कुठे मिळाली असती?"

"पुरावा काय?" धाकट्यांनी विचारलं.

"पुरावा नाही," फौजदार सरळ म्हणाले. "तुम्ही डबी आणून दिलीत तर आहे. नाही दिलीत तर तुम्ही सुटाल, बहुतेक. फक्त पोर आत राहील."

डॉक्टर पुढे झाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझा शब्द आहे. आत्ता बोला, आत्ता तिला बाहेर काढतो. फाटक लावायची वेळ झाली."

पलीकडून ठकीने हाक मारली. "बाबा, मला भूक लागलीय."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. तो तिच्याकडे बघत होता, ओठ हलत होते. बायको त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"सांगा," ती म्हणाली. "काय केलंत ते मला विचारायचं नाही. फक्त सांगा आणि तिला बाहेर काढा."

धाकट्यांनी मान खाली घातली. "मी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "आणि ठकीला काही होणार नाही. ती बाजूला आहे. एका रात्रीत काय होतंय?"

मी आयुष्यात कुणा माणसाचा इतका राग कधी केला नाही. गळ्यातला दोर आणि पोरीची एक रात्र त्याने मनात तोलून पाहिली होती, आणि पोरीची बाजू हलकी भरली होती.

शेडचा रखवालदार फाटक लावायला आला. तेवढ्यात ठकीची आई वाकली आणि पांढऱ्या दोराखालून पलीकडे गेली.

"बाई, परत या," डॉक्टर ओरडले, पण उशीर झाला होता. आपणहून दोर ओलांडलेल्या माणसाला मुदत सरेपर्यंत परत अलीकडे घ्यायचं नाही, हा इथला नियम. तिलाही तो चांगला माहीत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. ठकीला उचललं, पदराने तिचं तोंड पुसलं आणि आत गेली. फाटक लागलं.

६

सकाळी शेडमधून एक प्रेत बाहेर काढलं. चादरीत गुंडाळलेलं होतं, कुणाचं ते लांबून कळत नव्हतं. बाई होती की मूल, तेही कळत नव्हतं. एका म्हाताऱ्या खलाशाचं होतं ते. पण धाकट्यांना ते कोण सांगणार? ते धक्क्याच्या पायऱ्यांखालची वाळू दोन्ही हातांनी उकरत सुटले आणि डबी घेऊन धावत आले.

"मी केलं," ते डॉक्टरांना म्हणाले. "हे घ्या. सोमल आहे, अजून आहे त्यात. दादाला पटकी नव्हती. आता सोडा तिला."

डॉक्टरांनी डबी घेतली. झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"काल सोडली असती," ते म्हणाले. "आता नाही सोडता येत. तिच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस मेलाय."

धाकटे वाळूतच बसले. फौजदारांनी त्यांना उठवलं तेव्हा ते लहान मुलासारखे उठले. दुपारच्या लाँचने त्यांना नेलं.

ठकीला त्याच दिवशी जुलाब सुरू झाले. या वेळी खरी पटकी होती, मला शंका नव्हती. तिची आई आणि मी आळीपाळीने बसलो. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घालायचं, ओकली की पुन्हा घालायचं. ती बाई झोपली कधी, मला माहीत नाही. एके पहाटे ठकीने डोळे उघडून बिस्किट मागितलं, आणि मी शेडच्या मागे जाऊन पोटभर रडले.

फौजदारांची मुदत संपली तसे ते निरोप घ्यायला आले. ठकीची आई दोराच्या पलीकडे उभी होती, तिची मुदत अजून बाकी होती. ठकी तिच्या कडेवर होती, मान टाकून पण जागी.

"मी तुरुंगाकडूनच पुढे जाणार आहे," फौजदार म्हणाले. "तो रोज एकच विचारतो म्हणे, पोर कशी आहे. जो भेटेल त्याला विचारतो. बाकी काही बोलत नाही, जेवत नाही. काय सांगू?"

तिने ठकीचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं.

"काही सांगू नका," ती म्हणाली.

"वहिनी, त्याला फाशी होणार आहे."

"ठाऊक आहे मला." ती शांत होती. "त्या रात्री मी आत बसले होते. त्यांना सगळं माहीत होतं, तरी ते बाहेर झोपले. काही सांगू नका त्यांना."

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिचं पटत होतं आणि अंगावर काटाही येत होता. लाँचची शिटी झाली. फौजदार गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या उतरून गेले. त्यांनी पुढे सांगितलं की नाही, ते मला कळलं नाही, आणि मी कधी कुणाला विचारलंही नाही.